भिंतीवरचं कारंजं

मुघल बागांत पाण्याची ‘चादर’ असते: तिरकी, कोरीव शिळा, जिच्या खाचांवरून पाणी फेसाळत उतरतं. घरीही तेच करायचं. खडबडीत शहाबादी फरशी किंचित तिरकी बसवा, खाली टाकी, तीत छोटा पंप. चढ तीन फूट असेल तर पंप पाच-सहा फुटांचा घ्या. खोक्यावर छापलेल्या उंचीला पाणी जेमतेम पोचतं, वाहत नाही. फरशीमागं वॉटरप्रूफिंग आधी, हौस नंतर. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथंच गळतील, ईएलसीबी हवाच. घरात मुलं असतात. कारंजं बंद पडलं की डेंग्यूच्या डासांना आयतं घर! दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, पाणी कुंड्यांना घाला.