चेन घरी, एबीएस शोरूमला!

नशिराबादहून जळगावला किंवा भुसावळला बाइकनं रोज अप-डाउन करणाऱ्यांना हे पाठ असतं : हायवेवर गाडी रुसली, की हाफ डे गेलाच! हायवेचा नंबर ६ चा ५३ झाला, ट्रक मात्र आहेतच.

तरीही चेन खडखडायला लागली, की आपण म्हणतो, 'सर्व्हिसिंगला टाकू तेव्हा बघू.' सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात आणि ढिली चेन रोज सोबत! ती चाकात अडकली तर मागचं चाक जागीच जॅम होऊ शकतं. मागून ट्रक येत असताना हे परवडेल?

मग पाना उचला ना राव! गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. साध्या कम्युटर बाइकला साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. अॅक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवा, मग नट पक्का आवळा. फार टाइटही नको, बेअरिंग लवकर जातं. आणि हो, चाक मागं सरकलं की ड्रम ब्रेकची सेटिंगही बदलते. ती तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

हवेचं प्रेशर सकाळीच बघा, टायर गार असताना. मे महिन्याच्या दुपारी खान्देशात तापलेल्या टायरचं प्रेशर जास्तच दिसणार. ते बघून हवा सोडू नका. क्लच केबलचा प्ले, एअर फिल्टरची धूळ, बॅटरीचे टर्मिनल, हीसुद्धा रविवार सकाळची कामं.

पण म्हणून सगळंच घरी नको, बॉस! १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. स्क्रू फिरवून रेस वाढवायचे दिवस संपले. इंजिनचा पिवळा लाइट लागून राहिला, एबीएसचा लाइट विझेना किंवा डिस्क ब्रेकचा लिव्हर स्पंजसारखा दबतोय, तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटीतल्या गाडीची फ्री सर्व्हिसिंगही चुकवू नका.

हिशेब सोपा आहे : डोळ्यांना दिसतं आणि पट्टीनं मोजता येतं, ते घरी. सेन्सर आणि ब्रेक ऑइलचा मामला, तो शोरूमचा. येत्या रविवारी चेनपासून सुरुवात करा. दहा मिनिटांचं काम आहे!