एलियन: आयसोलेशन - खरी भीती कंपनीची

2014 चा हा गेम लोक एलियनच्या भीतीसाठी खेळतात. मला तो खाजगी कंपनीच्या कारभारावरचा जास्त वाटतो. सेव्हास्तोपोल हे अंतराळस्थानक चालवणारी सीगसन कंपनी डबघाईला आलेली, स्थानक मोडीत काढायला घेतलंय, कामाला रबरी चेहऱ्याचे स्वस्तातले यंत्रमानव. मग वेलँड-युटानी ते विकत घेते. कशासाठी? तर तो प्राणी हाती लागावा म्हणून! आतली माणसं मेली तरी चालतील. तिथल्या कॉम्प्युटरवरचे कर्मचाऱ्यांचे निरोप सोडू नका, जरूर वाचा.

भीतीही अस्सल आहे. एलियन ठरलेल्या वाटेने फिरत नाही, आवाजाच्या मागावर येतो. गेम सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून काही सेकंद थांबावं लागतं, आणि तेवढ्यात तो मागून येऊन मारतो. गेला अर्धा तास पाण्यात!

पण लांबण फार लावलीय राव. फ्लेमथ्रोअर हाती आला की त्याचा धाक निम्मा होतो, आणि मध्येच तो गायब होऊन नुसती यंत्रमानवांशी झटापट उरते. संपला म्हणावं तर पुन्हा एक बंद दार, पुन्हा एक बिघडलेली मशीन. पाच-सहा तास सरळ कापायला हवे होते. पुढचा भाग बनतोय असं 2024 मध्ये जाहीर झालंय. तो आटोपशीर करा, पण कंपनीला मोकळं सोडू नका.