सगळीकडे बदला, पण नेमके काय?
2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. एखाद्या संकेतस्थळाच्या मजकुरात हा बदल करायचा, तर काम एका ओळीचे वाटते. जावास्क्रिप्टमधल्या ‘रिप्लेस’ला साधा शब्द दिला, की ती पहिलाच सापडलेला शब्द बदलून थांबते. सगळे बदलायला रेग्युलर एक्स्प्रेशन आणि ‘जी’ फ्लॅग लागे. सगळे एकदम बदलणारी ‘रिप्लेसऑल’ भाषेच्या 2021 च्या प्रमाण आवृत्तीत आली. ती यायलाच हवी होती, पण माझी खरी काळजी तिथूनच सुरू होते. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, आणि ‘रिप्लेसऑल’ त्याचेही संभाजीनगर करून टाकेल. मराठीत तर आणखी पेच. ‘पुणे’ शोधाल तर ‘पुण्यात’ हाती लागत नाही. शब्दाची हद्द ओळखणारी उलट्या तिरक्या रेघेची ‘बी’ खूण रोमन लिपीपुरतीच चालते, देवनागरी अक्षरे तिच्या हिशेबात अक्षरेच नाहीत. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आधी ‘नॉर्मलाइझ’ चालवून तो एकसारखा करून घ्यावा. मग प्रत्येक सापडलेली जागा मागच्या-पुढच्या शब्दांसकट माणसाने वाचावी, आणि मगच बदल करावा. वेळ लागतो, लागू द्यावा.