थोड्या धावांची राखण

मुलांनो, १२५ धावांत डाव आटोपला, की सामना हातचा गेला असे आपण म्हणतो. मला ते पटत नाही. २२ मार्च १९८५ रोजी शारजात इम्रान खानने १४ धावांत ६ गडी बाद केले. भारताचा डाव १२५ धावांत संपला. तरीही पाकिस्तानला ८७ धावाच करता आल्या!

याचे श्रेय सारे गोलंदाजांना देतात. कपिल देवने ३ गडी बाद केले, हे खरेच. पण सुनील गावसकरने ४ झेल घेतले, ते कोण मोजतो? थोड्या धावा राखताना नुसते चौकार अडवून भागत नाही, गडी बाद करावे लागतात. त्यासाठी क्षेत्ररक्षक फलंदाजाजवळ उभे करावेत. एखादा चौकार गेला तर जाऊ द्यावा. आणि हो, अझरुद्दीनने आधी ४७ धावा केल्या नसत्या, तर राखायला काही उरलेच नसते.