टवाळी कुणाची, कुणासमोर?

मार्च २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर निरीश्वरवाद्यांचा मोठा मेळावा भरला होता. व्यासपीठावर रिचर्ड डॉकिन्स होते. प्रार्थनेतली भाकरी खरोखर ख्रिस्ताचे शरीर बनते असे कुणी म्हणाला, तर त्याची चारचौघांत खिल्ली उडवा, असा त्यांचा सल्ला होता. त्यामागचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. श्रद्धेला समाजात जो आयता मान मिळतो, तेच तिचे बळ. तो मान काढून घ्यायचा तर हशासारखे हत्यार नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

या पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार एकोणिसाव्या शतकातला. जॉर्ज विल्यम फूट याने लंडनमध्ये १८८१ साली ‘फ्रीथिंकर’ हे पत्र काढले आणि बायबलातल्या प्रसंगांची व्यंगचित्रे छापण्याचा सपाटा लावला. १८८२ च्या नाताळ अंकापायी त्याला बारा महिन्यांची कैद झाली. मात्र त्याच्यावरच्याच दुसऱ्या एका खटल्यात, १८८३ मध्ये, सरन्यायाधीश कोलरिज यांनी ज्युरीला सांगितले की, वादविवादाची सभ्यता पाळली असेल तर धर्माच्या मुळावर घाव घालणेही ईशनिंदा ठरत नाही. असभ्यांनी मार खाल्ला म्हणून सभ्यांना बोलता आले, असा याचा अर्थ टवाळीचे समर्थक लावतात.

लावोत. पण मोकळी झालेली वाट कुणाला मिळाली? सभ्यांनाच. टवाळखोर त्यानंतरही तुरुंगात जात राहिले. जॉन विल्यम गॉट याला १९२१ च्या अखेरीस ईशनिंदेच्याच गुन्ह्याखाली नऊ महिने सक्तमजुरी झाली. शिवाय फूटच्या चित्रांचे बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाडायचा डाव होता. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून निवडून आला होता आणि नास्तिक म्हणून पार्लमेंट त्याला बसू देत नव्हते. त्याला कायमचे गारद करावे म्हणून विरोधकांनी ‘फ्रीथिंकर’च्या खटल्यात त्यालाही गोवले. तो सुटला, पण आपला त्या पत्राशी संबंध नाही हे त्याला कोर्टात सिद्ध करत बसावे लागले. ब्रॅडलॉ काही मवाळ गडी नव्हता. लेखणीला चांगली धार होती. पण सभागृहाच्या दारात तो कायद्याची कलमे घेऊन उभा राहिला. १८८६ मध्ये त्याला जागा मिळाली आणि १८८८ मध्ये देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क देणारा कायदा त्याने मंजूर करून घेतला.

हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला होता. हिंदुस्थानची बाजू मांडणारा खासदार म्हणून त्याचे इकडे मोठे नाव होते. १८९१ च्या जानेवारीत तो वारला, तेव्हा लंडनमधली हिंदी मंडळी अंत्यविधीला गेली. त्यांत एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी होता. परतीच्या गाडीची वाट पाहताना स्टेशनवर घडलेला प्रसंग त्याने पुढे आत्मकथेत नोंदवून ठेवला. गर्दीतल्या एका नास्तिकाने तिथल्या पाद्र्याला गाठले. देव मानता ना? पृथ्वीचा घेर इतके हजार मैल, हेही मानता? मग तुमच्या देवाचे आकारमान सांगा आणि पत्ताही सांगा. देव तुमच्या-माझ्या हृदयात राहतो, असे पाद्री हळूच म्हणाला. मला काय पोर समजलात, असे सुनावून त्या वीराने भोवतीच्या लोकांकडे विजयी नजर टाकली. पाद्री गप्प झाला.

वाद कोण जिंकला? कुस्तीच्या हिशेबाने नास्तिक. पण बघ्यांतल्या एका तरुणाच्या मनात नास्तिकतेविषयी आधीच असलेली अढी त्या दिवशी आणखी घट्ट झाली, आणि हे त्यानेच लिहून ठेवले आहे. नास्तिक असलेल्या ब्रॅडलॉसाठी तो स्मशानापर्यंत गेला होता, हे इथे लक्षात घेतले पाहिजे.

टवाळीच्या बाजूने इथे तमिळनाडूतल्या पेरियार यांचे नाव पुढे येणारच. १९५३ मध्ये त्यांनी जाहीरपणे गणपतीच्या मूर्ती फोडल्या आणि तरी द्रविड चळवळ सत्तेवर आली, असे म्हणतात. आली खरी, पण ती १९४९ मध्ये वेगळा पक्ष काढणाऱ्या अण्णादुराईंच्या हातून, १९६७ मध्ये. आणि अण्णादुराईंनी मते मागितली ती कुळ एक, देव एक अशी भूमिका घेऊन. जातीच्या मक्तेदारीला पेरियारांनी दिलेला तडाखा खराच होता, त्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. तमिळनाडूची देवळे मात्र आजही भरलेली आहेत.

स्टेशनवरचा तो वाद ऐकणाऱ्या त्याच गांधींना पन्नासएक वर्षांनी आंध्रातला दुसरा नास्तिक भेटला. गोरा, म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव. गोरांचा नास्तिकवाद अस्पृश्यांच्या वस्तीतल्या कामाशी जोडलेला होता, आणि सेवाग्रामला जाऊन गांधींशी ते त्याच आधारावर वाद घालत राहिले. गांधींनी स्वतःची श्रद्धा सोडली नाही, पण गोरांचा नास्तिकवाद चूक आहे असे आपण म्हणू शकत नाही, इतपत ते आले. गोरांच्या मुलीचे लग्न एका दलित तरुणाशी ठरले, तेव्हा ते सेवाग्रामला लावायचे आणि विधीत देवाऐवजी सत्याचे नाव घ्यायचे, हे गांधींनी कबूल केले. गांधींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, ते लग्न तिथेच तसेच लागले.

मग नास्तिकाने गुळमुळीत बोलावे काय? मुळीच नाही. सभ्यपणा म्हणजे काय हे सनातन्यांना ठरवू दिले तर तोंड उघडायचीच सोय उरणार नाही. आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, ती त्यांनी कुणाला शिव्या दिल्या म्हणून नव्हे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या दाभोलकरांइतका संयमी वक्ता सापडणे कठीण. त्यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळ्या घातल्या. सभ्यता हे चिलखत नाही, आणि तशी जाहिरात कुणी करूही नये.

हसायलाही हरकत नाही. कुणाला हसायचे एवढाच प्रश्न आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात कार्यकर्ता नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवतो, मंत्र पुटपुटत पाणी शिंपडतो आणि नारळ पेट घेतो. मग तो शेंडी उलगडून खडा कुठे होता ते दाखवतो. सभागृह खो-खो हसते. हसे होते ते असे चमत्कार करणाऱ्या बाबाचे. लेकराच्या दुखण्यापायी त्याच्याकडे गेलेली बाई समोर बसलेली असते, तीही हसते. तिलाच मूर्ख म्हटले असते तर ती उठून गेली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाबाकडे पोचली असती.

दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीत यायला देव सोडण्याची अट त्यांनी कधी घातली नाही. जादूटोणाविरोधी कायदा रखडला, मसुदे बदलले, वारकऱ्यांच्या शंका ऐकून घ्याव्या लागल्या. डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालेल्या त्या कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन आणि भजन यांना हात लागणार नाही, असे सांगणारे कलम आहे. आणि नरबळी, अघोरी उपाय, चमत्काराच्या नावाखालची लूट हे त्याच कायद्याने गुन्हे आहेत.