दस्तुरीची वाहतूक ई-रिक्षाला द्या, पॉइंटची सैर घोड्याकडे ठेवा

यातलं काही आमच्याच घोडेवाल्या भावांना आवडणार नाही, काही हॉटेलवाल्यांना आवडणार नाही आणि काही पर्यटकांना तर मुळीच नाही. तरी लिहिते.

माथेरानमध्ये ई-रिक्षा आल्यापासून गावात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, घोडे बंद करा; लीद, धूळ, दस्तुरीवरची ओढाताण, पर्यटकांची फसवणूक, सगळ्याचं मूळ घोडा. दुसरा म्हणतो, घोडा ही माथेरानची ओळख आहे, त्याला हात लावाल तर याद राखा. दोन्हीकडच्या बैठकांना मी बसले आहे. तास तास चर्चा होते, पण घोड्याच्या पाठीबद्दल, खुरांबद्दल, पाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या घरी तीन घोडे आहेत. मागे तबेला, पुढे पाहुण्यांसाठी दोन खोल्या. म्हणजे पर्यटकांवर आमचं पोट दोन्ही बाजूंनी अवलंबून आहे, त्यामुळे मी कोणाच्या विरोधात लिहितेय असं समजू नका.

लोकांना वाटतं, घोडा म्हणजे सकाळी बांधला दोरीला आणि संध्याकाळी पैसे मोजले. आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, साडेचारला उठतात. आधी पाणी, मग गवत, मग भिजवलेले हरभरे आणि कोंडा. खाल्ल्यावर लगेच खोगीर चढवत नाहीत. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे खाण्यात गडबड झाली आणि पोटशूळ उठला तर जनावर काही तासांत जातं. मग खरारा, चारही खुरं उचलून खडे काढणं, नाल ढिला झालाय का बघणं, पाठीवर हात फिरवून कुठे दुखतंय का ते चाचपणं. नमदा ओला असला तर पाठीला जखम होते, म्हणून तो रात्रीच चुलीजवळ टाकायचा. तंग किती आवळायचा ते प्रत्येक घोड्याचं वेगळं. एवढं झाल्यावर कुठे सात वाजता जनावर बाहेर पडतं.

साधारण अडीचशे-तीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो सुका चारा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. माथेरानवर यातलं काहीच स्वस्त नाही. गवताची गंजी नेरळहून दस्तुरीपर्यंत गाडीने आणि तिथून पुन्हा घोड्याच्याच पाठीवरून. नालबंदाचे पैसे वेगळे, मोतद्दाराचा पगार वेगळा, औषधं वेगळी.

आणि कमाई कधी? मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार. पावसाळ्यात नेरळहून येणारी मिनी ट्रेन बंद, गर्दी कमी, तेव्हा आम्ही घोडे खाली नातेवाइकांच्या शेतावर नेतो. घोडा मात्र ३६५ दिवस खातो. २०२० च्या टाळेबंदीत तर महिनोन् महिने एक फेरी नव्हती, तबेल्यात तीन तोंडं होती आणि आम्ही अंगावरचं मोडून चारा आणला.

दस्तुरीवर जी झोंबाझोंबी दिसते, ती या हिशोबातून येते. आठवड्याचा खर्च दोन दिवसांत काढायचा म्हटलं की फेऱ्या वाढतात, घोड्याला उसंत मिळत नाही, नव्वद किलोच्या माणसालाही "बसा साहेब" म्हटलं जातं, आणि समोरचा नवखा दिसला की भाव चढतो. "पुढे रिक्षा नाही, ट्रेन नाही, चालत गेलात तर दोन तास लागतील" अशी थाप मारली जाते. मार्च २०२५ मध्ये याच फसवणुकीच्या विरोधात गाव बंद ठेवण्याची वेळ आली होती. आपल्याच गावाने आपल्याविरुद्ध दुकानं बंद केली, हे घोडेवाल्यांनी मनाला लावून घ्यायला हवं.

आता मुद्द्यावर येते.

दस्तुरी नाका ते बाजारपेठ हे अडीच-तीन किलोमीटरचं अंतर. गाड्या दस्तुरीला थांबतात, कारण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून हा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे. या अंतरासाठी वर्षानुवर्षं घोडा, हातरिक्षा, हमाल आणि अमन लॉजहून शटल एवढेच पर्याय होते. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ई-रिक्षाची चाचणी घ्यायला परवानगी दिली, त्या डिसेंबरात रिक्षा धावल्या. शाळेची पोरं, म्हातारी माणसं, दवाखान्यात जाणाऱ्या बायका यांना त्यातून किती सुख झालं ते गावात राहणाऱ्याला विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं थांबलं पाहिजे, याबद्दल कोणाचं दुमत असू नये.

मग जे ओझं माणसाच्या खांद्यावरून उतरवायचं, ते घोड्याच्या पाठीवर का ठेवायचं? बॅगा, कुटुंबकबिला, घाईत निघालेले पाहुणे ही वाहतूक आहे. ती ई-रिक्षाने आणि ट्रेननेच व्हावी. तिथे घोडा हरला आहे, हे आपण मान्य करून टाकू.

त्याच निकालात पेव्हर ब्लॉकचाही प्रश्न आहे. दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हरला कोर्टाने मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर नको म्हटलं. ज्याने पावसात शेवाळलेल्या पेव्हरवर घोडा उतरवलाय, त्याला यातली गोम कळेल. लोखंडी नाल आणि ओला ब्लॉक यांचं जमत नाही. लाल मातीत खूर रुतून बसतो, पेव्हरवर तो सरकतो, नालही लवकर झिजतो. म्हणजे वाटणी रस्त्यानेच करून दिली आहे. पेव्हरचा रस्ता चाकांचा, लाल मातीच्या वाटा घोड्यांच्या. पॅनोरमा, लुईझा, इको, वन ट्री हिल, शार्लोट लेक इकडे झाडीतून घोड्यावर जाण्यात जी मजा आहे, ती रिक्षा देऊ शकत नाही आणि तिने देऊही नये.

कोणी म्हणेल, घोडे सरळ बंदच का करत नाही? मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवा. २०१५ मध्ये हायकोर्टाने घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. जनावरांचे हाल होतच होते, निकाल बरोबरच होता. पण गाडीवाल्यांचं पुनर्वसन आणि घोड्यांचं पुढे काय, हा घोळ वर्षानुवर्षं चालला. दक्षिण मुंबईत विजेवरच्या व्हिक्टोरिया दिसल्या त्या २०२१ मध्ये. माथेरानवर परवान्याचे घोडे साडेचारशेच्या घरात आहेत, आणि गाव चार-साडेचार हजार वस्तीचं. एका रात्रीत बंदी आली तर त्या घोड्यांना कोण सांभाळणार? कमाई संपलेलं जनावर बाजारात विकलं की ते कुठे जातं, हे घोडेवाल्याला सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं.

१. दस्तुरी ते बाजारपेठ प्रवासी वाहतूक टप्प्याटप्प्याने ई-रिक्षाकडे द्या, आणि ई-रिक्षाच्या परवान्यात हातरिक्षावाल्यांनंतर एकच घोडा असलेल्या घोडेवाल्याच्या घराचा विचार करा. जो स्वतःहून परवाना परत करेल, त्याच्या घोड्याची सोय लागेपर्यंत चाऱ्याचा खर्च सरकारने द्यावा.

२. पॉइंटच्या सैरीसाठी एकच खिडकी, छापील दरपत्रक, पावती आणि नंबर. पैसे खिडकीवर भरा, घोडा नंबराने मिळेल. दस्तुरीवर गाडीमागे धावणं बंद. हातात नंबर असला की थापही मारावी लागणार नाही.

३. वजनकाटा ठेवा. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं खोगिरासकट वाहू नये, असं जाणकार सांगतात. तीनशे किलोच्या घोड्याला ते साठ किलो होतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा आहे आणि सलग पाच तासांपुढे विश्रांतीशिवाय काम नको असं लिहिलं आहे. ते भिंतीवर लावा आणि पाळा.

४. पॉइंटच्या वाटांवर पाण्याचे हौद, सावलीचे थांबे आणि गावात कायम राहणारा जनावरांचा डॉक्टर. पोटशूळ उठलेला घोडा डॉक्टर डोंगर चढून येईपर्यंत थांबत नाही.

५. लीद रोजच्या रोज उचलून खत करा. ती पावसात वाहत शार्लोट लेककडे गेली तर ते पाणी आपल्याच माठात येतं. ही जबाबदारी घोडेवाल्याची, हे मी आमच्या घरासकट सांगते.

अजून एक गोष्ट, अनुभवाची. आमच्या खोल्यांत उतरणारी पोरं सकाळी तबेल्यात येतात. अण्णा त्यांच्या हातात खरारा देतात, एखाद्याला हरभरे भरवायला देतात. अशी पोरं नंतर सैरीला निघाली की घोडा पळवा म्हणून ओरडत नाहीत. चढाला स्वतः उतरतात. एकदा एका मुलीने बापाला सांगितलं, "बाबा, तुम्ही चाला, तुमचं वजन जास्त आहे." बाप हसत हसत चालला आणि पैसे पूर्ण दिले. ज्याच्याकडे जागा आहे त्याने तबेला पाहुण्यांना दाखवावा, त्याचे वेगळे पैसे घ्यावेत. एका फेरीऐवजी तासभर तबेल्यात कमाई झाली, तर जनावराची पाठ तेवढी वाचते. आणि तबेला दाखवायचा म्हटला की तो स्वच्छ ठेवावाच लागतो.

पर्यटकांनाही हात जोडून सांगते. भाव करा, पण पावती घ्या. घोड्याची पाठ सोललेली दिसली, पाय लंगडताना दिसला, तर त्यावर बसू नका आणि मालकाला तोंडावर सांगा. एका घोड्यावर आई आणि पोर दोघं बसून फोटो काढण्याचा हट्ट सोडा.

घोडेवाल्या भावांनो, तुम्ही मला शिव्या द्याल, द्या. पण आपली पोरं आता घोड्यामागे धावायला तयार नाहीत, हे प्रत्येकाच्या घरात दिसतंय. साडेचारशे घोड्यांची गर्दी वाचवत बसलो तर दहा वर्षांनी एकही राहणार नाही. निम्मे असू देत, पण धडधाकट, पोटभर खाल्लेले, दिवसाला मोजक्या फेऱ्या मारणारे, आणि त्यांच्या मालकाला महिन्याचा खात्रीचा पैसा मिळू दे. पुढच्या बैठकीत हे पाच मुद्दे मी लेखी देणार आहे. पटत असतील त्यांनी सही करायला यावं. नसतील पटत, त्यांनी सहावा मुद्दा घेऊन यावं.