घोगऱ्या गळ्याची वकिली

दिवाळीला आमच्याकडे भाचेमंडळी जमली की फराळाइतकीच गाण्यांवरून भांडणे होतात. दोन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नाने चालू असताना, धाकट्या भाच्याने मोबाइलवर एक इंग्रजी गाणे लावले. ते कानी पडताच आमची आई न्हाणीघरातून ओरडली, "अरे, त्या माणसाला आधी सुंठीचा काढा द्या रे!" सारे घर हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच. आईचे मत मात्र अजून काढ्यापुढे गेलेले नाही.

गाणाऱ्याचे नाव टॉम वेट्स. १९४९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला, स्वतः गाणी रचून स्वतः गाणारा हा गृहस्थ. आवाज म्हणाल तर जात्यात खडे पडल्यासारखा. आता माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराने अमेरिकन गवयाची वकिली का करावी, असे कोणी विचारील. करणार! कारण त्याच्याविषयी जाणते लोक नवख्यांना जो सल्ला देतात, तो मला साफ अमान्य आहे.

सल्ला असा: १९७३ सालच्या 'क्लोजिंग टाइम' या त्याच्या पहिल्या तबकडीपासून आरंभ करा, तेथे त्याचा गळा अजून बरा आहे. बरा आहे! म्हणजे पुढचे सारे बिघडत गेलेले, हे ऐकण्याआधीच ठरले. पियानोवरची ती गाणी सुरेख आहेत, याविषयी वाद नाही. पण त्या गोडव्याची चटक लागलेला श्रोता दहा वर्षांनंतरच्या वेट्सपाशी पोचतो तो नाक मुरडतच.

दुसरे शहाणे म्हणतात, त्याची गाणी इतरांच्या तोंडून ऐका. ईगल्स मंडळींनी १९७४ साली त्याचे एक गाणे गायिले, रॉड स्ट्यूअर्टने १९८९ साली 'डाउनटाउन ट्रेन' गाऊन नाव मिळवले. खरे आहे. पण ते गाणे आहे रात्रीच्या शहरात एका मुलीच्या आशेवर झुरणाऱ्या माणसाचे. वेट्स गातो तेव्हा वाटते, ती काही याला भेटणार नाही, आणि हा तर आशा सोडणार नाही. स्ट्यूअर्ट गातो तेव्हा अत्तर लावून मुलगी पाहायला निघालेला जावई दिसतो. होकार ठरलेलाच. मग राहिले काय त्या गाण्यात?

तिसरा आक्षेप ढोंगाचा. हा आवाज मुद्दाम काढलेला आहे म्हणे. असेल थोडा! वेट्स चित्रपटांतून कामे करणारा नटही आहे, आणि नटाने तोंडाला रंग लावला म्हणून त्याला आपण लबाड म्हणत नाही. शिवाय या आवाजाची किंमत न्यायालयात ठरलेली आहे. १९८८ साली फ्रिटो-ले या खाद्यपदार्थांच्या कंपनीने एका नकलाकाराकडून त्याच्या आवाजात जाहिरात गाऊन घेतली. गंमत अशी की ज्या गाण्यावरून ती जाहिरात बेतली, तेच मुळी माल खपवणाऱ्यांची टर उडवणारे! वेट्सने दावा लावला, जिंकला, अपिलातही १९९२ साली टिकला. भरपाई मिळाली २० लाख डॉलरांहून अधिक. घ्या, काढा कोणाला पाजता?

माझे सांगणे असे, की 'रेन डॉग्ज' या १९८५ सालच्या तबकडीपासून सुरुवात करा. तासाभराच्या आत एकोणीस गाणी. एकेक निवडून नव्हे, सलग ऐका. नावाचा अर्थ वेट्सनेच सांगितला आहे: पावसाने वास धुऊन गेल्यामुळे घरची वाट हरवलेली कुत्री. या गाण्यांतली माणसे तशीच. खलाशी, भणंग, बेवारशी. त्यांच्या तोंडी गोड गळा घालणे म्हणजे भिकाऱ्याला पैठणी नेसवणे. आणि त्या गलबल्यात 'टाइम' नावाचे एक हळुवार गाणे येते, तेव्हा हाच घोगरा आवाज असा जवळ येऊन बसतो, की आपण हातातली चकली खाली ठेवतो.

तेथून एक पाऊल मागे, १९८३ च्या 'स्वोर्डफिशट्रॉम्बोन्स'कडे जा. मग पुढे १९९९ च्या 'म्यूल व्हेरिएशन्स'कडे. 'क्लोजिंग टाइम' शेवटी ऐका, लहानपणचा फोटो पाहावा तसा. 'द ब्लॅक रायडर'च्या वाटेला इतक्यात जाऊ नका, मलाही ती पुरती झेपलेली नाही. एक राहिलेच: १९८० साली त्याने कॅथलीन ब्रेनन हिच्याशी लग्न केले आणि त्याचे गाणे वेडेवाकडे होत गेले. पुढची कितीतरी गाणी दोघांनी मिळून रचलेली आहेत. बायको नवऱ्याला वळण लावते असे ऐकत आलो आहोत. येथे बाईंनी वळण मोडले आणि कल्याण केले.

आपल्या कानांना हे परके का वाटावे, तेच मला कळत नाही. संबळाच्या तालावर रात्र जागवणाऱ्या गोंधळ्याचा आवाज पहाटे फाटलेलाच असतो, आणि आपण हात जोडून ऐकतो. मग घरात आलो, दिवाणखान्यात बसलो, की आपल्याला फक्त मध का लागतो?

हा प्रश्न मी दुसऱ्याला विचारण्याआधी मला विचारायला हवा होता. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात सातवीतला एक मुलगा होता. आवाज जाडाभरडा, उत्साह दांडगा. तालमीत तो सगळ्यांवर उठून ऐकू येई. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." 'रेन डॉग्ज' प्रथम सलग ऐकली त्या रात्री मला तो मुलगा आठवला, आणि पुढे झोप आली नाही. संमेलनाच्या दिवशी त्याने पहिल्या रांगेत उभे राहून, सांगितल्याप्रमाणे, इमानेइतबारे ओठ हलवले होते. आम्हाला दुसरे बक्षीस मिळाले होते.